वॉर्डात घडलेला कायदा

(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



 मृणालताई गोरे म्हटले की आपल्याला आंदोलने आठवतात. हंड्या-कळशांचे मोर्चे, लाटणी घेऊन निघालेल्या बायका, आणीबाणीतला तुरुंग, एन्रॉनविरोधातला लढा. रस्त्यावरच्या मृणालताई आपल्या चांगल्या परिचयाच्या आहेत. सभागृहातल्या मृणालताईंविषयी त्या मानाने फार कमी बोलले जाते. मुंबई महापालिका, महाराष्ट्र विधानसभा, लोकसभा आणि पुन्हा विधानसभा असा त्यांचा लोकप्रतिनिधी म्हणून प्रवास झाला. माझे म्हणणे असे आहे की या सगळ्या सभागृहांत त्या एकाच रीतीने वागल्या, आणि ती रीत त्यांनी गोरेगावच्या वॉर्डात कमावली होती. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रात झाला, तोही याच रीतीतून. ती रीत काय होती आणि आज ती शिकण्याची शाळाच कशी ओस पडत चालली आहे, हे मला आज मांडायचे आहे.

तलाव उशाला आणि घसा कोरडा

मृणाल मोहिले यांचा जन्म २४ जून १९२८ चा. स्वातंत्र्य चळवळीच्या धामधुमीत वाढलेली, राष्ट्र सेवा दलात घडलेली ही मुलगी डॉक्टर होण्यासाठी शिकत होती. ते शिक्षण अर्धवट सोडून तिने समाजवादी चळवळीचे काम पत्करले. १९४८ मध्ये केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी विवाह झाला. विवाह आंतरजातीय होता, आणि संसार म्हणजे दोघांनी मिळून करायचे सार्वजनिक काम असेच दोघांच्या मनात होते. गोरेगावात त्यांनी बिऱ्हाड थाटले. तिथल्या बायकांमध्ये मृणालताईंचे काम सुरू झाले, त्यात कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे कामही होते. पन्नाशीच्या दशकात परक्या घराच्या उंबरठ्याशी बसून त्या घरच्या सुनेशी पाळणा लांबवण्याविषयी बोलायचे, हे सोपे नव्हते. सासू शेजारी बसलेली असे. अशा घरांत विश्वास कमावला, तो पुढे त्यांना जन्मभर पुरला.

१९५८ मध्ये बंडू गोरे गेले. मृणालताई तिशीत होत्या, पदरात लहान मुलगी होती. सहकाऱ्यांनी आणि गावाने मिळून केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा केला. गोरेगावच्या सार्वजनिक जीवनात तो आजही काम करतो. मृणालताईंनीही गाव सोडले नाही आणि कामही सोडले नाही.

त्या वेळचे गोरेगाव समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये उपनगरांत वाढली आणि १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. या दुसऱ्या टप्प्यात गोरेगाव मुंबईत आले. नकाशावर आले, तरी पाण्याचे जाळे हद्दीच्या वेगाने सरकले नाही. मुंबईच्या पाण्याचा इतिहास पाहा. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. विहार तर गोरेगावच्या पूर्वेच्या डोंगरात आहे. एकोणिसाव्या शतकात हे पाणी दक्षिणेकडच्या शहरासाठी अडवले आणि नळांनी तिकडे नेले. १९५७ मध्ये वैतरणेवरचे मोडक सागर धरण झाले, तेव्हा आता उपनगरांनाही पाणी मिळेल अशी आशा वाटू लागली. पण धरण बांधले म्हणजे गल्लीत नळ आला असे होत नाही. त्यासाठी मुख्य जलवाहिनी लागते, टाकी लागते, वितरणाची वाहिनी लागते, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणाला आधी आणि कोणाला नंतर हे ठरवणारा माणूस लागतो. त्या माणसासमोर उभे राहून ‘आम्हाला नंतर का?’ असे विचारणारे कोणीतरी असावे लागते.

पाणी कमी पडले की त्याचा भार कोणावर येतो, हे इथे बसलेल्या ज्येष्ठ भगिनींना सांगायला नको. विहिरीला उन्हाळ्यात पाणी खाली गेले की रहाट ओढायला जास्त वेळ लागतो. नळाला भलत्याच वेळी पाणी आले की भलत्या वेळी उठायचे ते घरातल्या बाईने. रांगेत हंडा लावायचा, नंबर जाऊ नये म्हणून पोरीला उभे करायचे, पोरीची शाळा बुडायची. भांडण झाले तर तेही नळावरच. महापालिकेच्या नोंदवहीत हे सगळे ‘पुरवठा अपुरा’ या दोन शब्दांत मावत असे. मृणालताईंनी या दोन शब्दांच्या मागची बाई सभागृहात आणली.

अधिकार नसलेले सभागृह

१९६१ च्या निवडणुकीत त्या गोरेगावातून महापालिकेवर निवडून आल्या. तेव्हा स्त्रियांसाठी राखीव जागा नव्हत्या. अहिल्या रांगणेकरही त्याच वर्षी महापालिकेत आल्या. पुढे १९६८ मध्ये प्रमिला दंडवते आल्या. मुंबईच्या राजकारणात नंतरची दोन दशके गाजवणाऱ्या या तिघी नगरसेविका म्हणून तयार झाल्या आणि तिघीही पुढे लोकसभेत गेल्या. हा योगायोग नाही. महापालिकेने त्यांना काहीतरी शिकवले होते.

काय शिकवले? मुंबई महापालिका चालते ती १८८८ च्या अधिनियमाने. हा कायदा ब्रिटिशांचा, आणि त्यात एक गोष्ट मुद्दाम करून ठेवलेली आहे. महापालिकेचा कारभार चालवण्याचा अधिकार आयुक्ताकडे असतो, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. महापौर मानाचा, सभागृह लोकांचे, पण नळाची चावी आयुक्ताच्या खात्याकडे. नगरसेवक कोणत्याही अभियंत्याला ‘उद्या इथे वाहिनी टाक’ असा हुकूम देऊ शकत नाही. त्याच्या हातात तीन गोष्टी असतात. तो प्रश्न विचारू शकतो. ठराव मांडू शकतो. आणि अर्थसंकल्पावर व स्थायी समितीत पैशाच्या वाटपाविषयी भांडू शकतो. चौथी गोष्ट कायद्यात लिहिलेली नाही, ती म्हणजे त्याच्या पाठीशी उभे असलेले लोक.

या मर्यादेमुळे अनेक नगरसेवक दोनपैकी एका वाटेने जातात. काही जण अधिकाऱ्यांशी सलगी करून आपल्या भागापुरती कामे काढून घेतात. काही जण सभागृहात गरजतात आणि बाहेर येऊन वर्तमानपत्राला निवेदन देतात. मृणालताईंनी तिसरी वाट काढली. आधी वस्तीत जाऊन माहिती गोळा करायची. कोणत्या गल्लीत नळ नाही, कुठे वाहिनी आहे पण दाब नाही, कोणी अर्ज केला आणि तो कोणत्या टेबलावर पडून आहे, हे सगळे बायकांकडून समजून घ्यायचे. मग ती माहिती प्रश्न म्हणून सभागृहात मांडायची. उत्तर गोलमाल आले की तेच उत्तर घेऊन वस्तीत परतायचे आणि लोकांना सांगायचे की साहेब असे म्हणतात. मग लोकांनाच घेऊन साहेबांच्या दारात जायचे, हंडे-कळशा घेऊन. आणि साहेबांनी मोर्चासमोर जे कबूल केले, ते पुढच्या सभेत पुन्हा प्रश्न म्हणून विचारायचे, म्हणजे कबुली हवेत विरत नाही.

सभागृह आणि मोर्चा यांना ‘संसदीय मार्ग’ आणि ‘आंदोलनाचा मार्ग’ अशा दोन कप्प्यांत टाकायची आपल्याला सवय आहे. मृणालताईंच्या हाती ती एकाच कामाची पुढची-मागची पावले होती. मोर्च्यामुळे प्रश्नाला वजन आले आणि प्रश्नामुळे मोर्च्याला नेमकेपणा आला. गोरेगावला आणि आसपासच्या उपनगरांना पाणी आणण्याच्या लढ्यातून लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणायला सुरुवात केली, ती या सततच्या पाठपुराव्यामुळे. वॉर्डात एक मोठी सक्ती असते, आणि नगरसेवकाच्या शिक्षणात तिचे मोल सर्वात जास्त आहे. भाषण कितीही चांगले झाले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आले की नाही, हे प्रत्येक मतदार आपल्या डोळ्यांनी पाहतो. वॉर्डात शब्द आणि परिणाम यांच्यात अंतर ठेवता येत नाही. विधानसभेत ठेवता येते, दिल्लीत तर फारच ठेवता येते. मृणालताई वर गेल्या तेव्हा वॉर्डातली ही सक्ती स्वतःवर लादून घेऊनच गेल्या.

पातळ विरोधी बाकांवरून

१९७२ मध्ये त्या विधानसभेवर निवडून आल्या. त्या निवडणुकीत २७० जागांपैकी २२२ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या. विरोधी बाके इतकी पातळ होती की मतदानाने काही घडवण्याचा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्र तेव्हा मोठ्या दुष्काळात होरपळत होता. खडी फोडणाऱ्या बायका, रोजगाराच्या कामांवरची मजुरी, धान्याचा तुटवडा हे प्रश्न त्या सभागृहात आणत राहिल्या. महापालिकेत शिकलेली गोष्ट इथे कामी आली. अधिकार नसलेल्या सभागृहात काम करायची सवय असलेल्या माणसाला संख्याबळ नसलेल्या बाकावर बसणे जड जात नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव ही हत्यारे कशी वापरायची, हे नियमांच्या पुस्तकात वाचता येते. ती वापरण्यासाठी लागणारी माहिती मात्र कोणत्याही पुस्तकात नसते.

त्याच वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणालताई, अहिल्याताई, प्रमिलाताई, तारा रेड्डी, कमल देसाई अशा समाजवादी आणि कम्युनिस्ट पक्षांच्या बायका, ज्यांचे पक्ष एकमेकांशी कडाकडा भांडत, त्या एका समितीत आल्या. रॉकेल, साखर, तेल, रेशनचे धान्य या विषयांवर त्यांनी मुंबई हलवली. ज्या बाईने आयुष्यात कधी मोर्चा पाहिला नव्हता, ती हातात लाटणे घेऊन रस्त्यावर आली. ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजू लागल्या. मंत्र्यांना घेराव पडले.

या आंदोलनाकडे ‘स्वयंपाकघरातला राग’ म्हणून पाहणाऱ्यांनी त्याचे मर्म हेरले नाही. रेशनच्या दुकानात माल किती आला, किती वाटला, उरलेला कुठे गेला, हे विचारणे म्हणजे सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे. घरखर्च चालवणारी बाई महिन्याचा हिशेब रोज करते, तिला हा प्रश्न विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मृणालताईंनी तिला एवढेच दाखवून दिले की हा प्रश्न घरात नवऱ्याला विचारून उपयोग नाही, तो सरकारला विचारायचा असतो.

आणीबाणी आली तेव्हा मृणालताई भूमिगत झाल्या, त्यातही काम करत राहिल्या आणि पुढे पकडल्या गेल्या. तुरुंगवास झाला. १९७७ मध्ये निवडणुका झाल्या आणि त्या उत्तर मुंबईतून लोकसभेत गेल्या. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा तेव्हा मुंबईभर दुमदुमली. घोषणेत विजयाचा जोश होता, पण त्यातले राजकीय सत्यही मोठे होते. ज्या काळात देशाच्या सर्व सत्ता एका ठिकाणी गोळा झाल्या होत्या, त्या काळाला उत्तर म्हणून मुंबईच्या मतदारांनी नळाच्या रांगेतून वर आलेल्या बाईला दिल्लीला पाठवले. जनता पक्षाचा तो प्रयोग १९७९ मध्ये कोसळला. मृणालताईंसाठी दिल्ली हा कारकिर्दीचा शेवटचा मुक्काम नव्हता. १९८५ मध्ये त्या पुन्हा महाराष्ट्र विधानसभेत आल्या आणि १९८८-८९ मध्ये विरोधी पक्षनेत्या झाल्या. खासदार झालेला माणूस पुन्हा आमदार होण्यात कमीपणा मानतो, असा आपल्याकडचा रिवाज. मृणालताईंनी सभागृहांची उंची अशी कधी मोजली नाही. काम जिथे होते तिथे त्या गेल्या.

एका विधेयकाची गोष्ट

आता मी त्या कायद्याकडे येतो, कारण त्यात मृणालताईंची सगळी रीत एकत्र दिसते.

गर्भजलपरीक्षा हे तंत्र भारतात सत्तरीच्या दशकाच्या मध्यास आले. गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी ते होते. लवकरच ते मुलगी ओळखून गर्भ पाडण्यासाठी वापरले जाऊ लागले. १९७८ मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानासाठी या चाचणीला बंदी केली. बंदी सरकारी रुग्णालयांपुरती होती, म्हणून चाचणी खाजगी दवाखान्यांत गेली आणि तिथे धंदा झाली. आता पाचशे रुपये खर्च करा, नंतरचे लाखो रुपये वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती झळकू लागल्या. हुंड्याचा हिशेब उघडपणे गर्भापर्यंत नेण्यात आला.

१९८५-८६ च्या सुमारास मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर, वकील, लोकविज्ञान चळवळीतले कार्यकर्ते एकत्र आले आणि त्यांनी याविरुद्ध मंच उभा केला. मुंबईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची एक पाहणी झाली, तीत ५० डॉक्टरांपैकी ८४ टक्के डॉक्टर लिंगनिदानासाठी ही चाचणी करत असल्याचे पुढे आले. ही आकडेवारी आली म्हणून ‘असे कुठेतरी होत असेल’ हा बचाव संपला.

१९८६ मध्ये मृणालताईंनी विधानसभेत या विषयावर अशासकीय विधेयक मांडले. विधिमंडळाच्या कामकाजाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना माहीत आहे की अशासकीय विधेयक मंजूर होणे ही अतिशय दुर्मीळ गोष्ट. अशा कामकाजाला वेळ थोडा मिळतो, सरकारी पक्ष बहुमतात असतो, आणि विरोधी सदस्याचे विधेयक आपण मंजूर करायचे ही कल्पनाच सत्ताधाऱ्यांना रुचत नाही. तरीही त्या विधेयकाने आपले काम केले. बाहेर मोर्चे, पथनाट्ये, परिसंवाद चालू होते, वर्तमानपत्रांत वाद चालू होता. आत विधेयक टेबलावर होते. सरकारला आता ‘विचार करू’ असे म्हणून सुटता येत नव्हते, कारण विचार करून लिहिलेला मसुदा समोर होता. अखेर सरकारने स्वतःचे विधेयक आणले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने प्रसवपूर्व निदान तंत्रांच्या वापराचे नियमन करणारा कायदा केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य.

या घटनाक्रमात गोरेगावची पद्धत नीट ओळखा. आधी वस्तीतली माहिती, मग सभागृहात नेमका प्रश्न, मग बाहेरचा दबाव, आणि त्या दबावाखाली मिळालेली कबुली कागदावर. पाण्याच्या वाहिनीसाठी जे केले तेच त्यांनी या कायद्यासाठी केले. श्रेय कोणाच्या नावावर गेले याची त्यांनी पर्वा केली नाही. सरकारने त्यांचे विधेयक मागे पडू दिले म्हणून रुसून बसण्याऐवजी सरकारच्या विधेयकातल्या त्रुटींवर बोलत राहणे, हे त्यांना महत्त्वाचे वाटले.

त्रुटी होत्याच. खाजगी केंद्रांनी नोंदणी करून चाचण्या करायच्या, ही वाट कायद्याने उघडी ठेवली होती. चळवळीतल्या अनेकांना ती मान्य नव्हती, आणि पुढच्या अनुभवाने त्यांची भीती खरी ठरवली. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला, तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. अंमलबजावणी इतकी ढिली होती की २००० मध्ये मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. एवढे होऊनही महाराष्ट्रात दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण शून्य ते सहा वयोगटात १९९१ मध्ये ९४६ होते, २००१ मध्ये ९१३ झाले आणि २०११ मध्ये ८९४ वर आले. पहिला कायदा करणाऱ्या राज्याचा हा आलेख आहे, आणि तो आपण मान खाली घालूनच वाचला पाहिजे.

या आकड्यांचा अर्थ कायदा व्यर्थ गेला असा कोणी लावला तर मला तो मान्य नाही. १९८८ पूर्वी ही चाचणी उघड जाहिरातीचा विषय होती, आज लिंगनिदानासाठी ती करणे गुन्हा आहे. फरक पडला. पण नळाची वाहिनी टाकून झाल्यावर तिला पाणी येते की नाही हे जसे रोज पाहावे लागते, तसे कायद्याचेही पाहावे लागते. सभागृहात कायदा करणारे शेकडो असतात. तो कायदा गल्लीत पोचला का, हे विचारणारा लोकप्रतिनिधी वॉर्डातून यावा लागतो.

घर नावाचा प्रश्न

पाण्यापाठोपाठ मुंबईचा दुसरा मोठा प्रश्न घराचा. १९७६ मध्ये नागरी कमाल जमीन धारणा कायदा झाला. मर्यादेपेक्षा जास्त जमीन सरकारने ताब्यात घ्यायची आणि सामान्य माणसाच्या घरांसाठी वापरायची, हा त्याचा हेतू. प्रत्यक्षात सवलतीच्या कलमांनी हेतू पोखरून काढला. गरिबांसाठी घरे बांधू असे सांगून जमिनी सोडवून घेतल्या जात आणि घरे भलत्यांनाच विकली जात.

मृणालताई आणि त्यांचे सहकारी बाबूराव सामंत यांनी नागरी निवारा परिषद उभी केली. कायदा आहे, जमीन आहे, घर हवे असलेले लोक आहेत, मग घरे का नाहीत, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. हजारो कुटुंबे सभासद झाली, मासिक बचत करू लागली, मोर्चे निघाले, न्यायालयीन लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. वर्षानुवर्षांच्या या झगड्यातून गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत सुमारे सहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. ज्यांना मुंबईत घर मिळणे हे स्वप्नच होते, अशा कारकुनांनी, शिक्षकांनी, कामगारांनी तिथे संसार मांडले. २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदाच रद्द केला. दिंडोशीची घरे मात्र आहेत. त्या कायद्याचा हेतू प्रामाणिकपणे राबवला असता तर मुंबई कशी दिसली असती, याचा पुरावा म्हणून ती उभी आहेत.

घरांच्या या लढ्याच्याच काळात गोरेगावात ‘स्वाधार’ हे संकटातल्या स्त्रियांसाठीचे केंद्र चालू झाले. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घराबाहेर पडलेली बाई रात्री कोणाच्या दारात जाणार, याचे उत्तर विधानसभेत मिळणार नाही, गावातच द्यावे लागेल, हे मृणालताई जाणून होत्या. विरोधी पक्षनेतेपदाच्या काळातही गोरेगावातल्या कामाशी त्यांची नाळ तुटली नाही.

शाळा बंद पडली तर

मृणालताई १७ जुलै २०१२ रोजी वसईत वारल्या. त्या ८४ वर्षांच्या होत्या. गोरेगावात आज त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. त्यांचा पक्ष मात्र मुंबईच्या राजकारणातून जवळजवळ पुसला गेला. समाजवादी पक्षांच्या फुटी, गिरणी संपानंतर बदललेली मुंबई, अस्मितेच्या राजकारणाचा उदय, अशी त्याची कारणे आहेत. त्यांच्या रीतीने काम करणारे कार्यकर्ते आहेत. मुंबईतल्या पाणी हक्क समितीने उच्च न्यायालयात लढा दिला आणि २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, असा निर्णय २०१४ मध्ये मिळवला. झोपडी बेकायदा असली तरी तहान बेकायदा नसते, हे मृणालताईंनी साठच्या दशकात धरलेले सूत्र न्यायालयाने अर्ध्या शतकाने मान्य केले. पण असे कार्यकर्ते सभागृहात दिसत नाहीत, आणि सभागृहातले बहुसंख्य लोक अशा कामात दिसत नाहीत. मृणालताईंच्या आयुष्यात जोडलेल्या या दोन गोष्टी आपण पुन्हा तोडल्या आहेत.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर परिस्थिती त्यांच्या काळापेक्षा चांगली असायला हवी होती. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. प्रभाग समित्यांची तरतूद आहे. स्त्रियांना आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा राखीव आहेत. राज्यघटना स्पष्ट सांगते की पालिकेची पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे. आणि तरीही मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून तीन वर्षांहून अधिक काळ या शहराचा कारभार निवडून आलेल्या एकाही नगरसेवकाशिवाय चालला. राज्यातल्या इतर अनेक महानगरपालिकांची हीच गत झाली. न्यायालयीन वाद, प्रभागरचना, आरक्षण, कारणे अनेक सांगितली गेली. एवढ्या काळात गोरेगावच्या नळाला पाणी नाही म्हणून सभागृहात प्रश्न विचारू शकेल असे कोणी नव्हते, कारण सभागृहच नव्हते.

विधानसभा एक दिवस जरी मुदतीपलीकडे रिकामी राहिली तर आपण घटनात्मक पेचप्रसंग म्हणतो. महापालिका वर्षानुवर्षे रिकामी राहिली तेव्हा फारसे कोणी हलले नाही. याचे कारण मला एकच दिसते. स्थानिक स्वराज्य संस्था ही राजकारणाची खालची पायरी, ती नसली तरी चालते, असा समज आपल्या हाडात मुरला आहे. मृणालताईंची कारकीर्द या समजाचे सर्वात ठोस खंडन आहे. या राज्यात स्त्रीच्या जिवाशी निगडित एक पायाभूत कायदा झाला, तो गल्लीतल्या कामातून आलेल्या बाईने सरकारकडून करवून घेतला. महापालिका बंद ठेवली की त्या काळातली कामे तर अडतातच, पण त्यानंतरच्या तीस वर्षांत विधानसभेत आणि संसदेत कोण बसणार, हेही बिघडते. ज्याने नळावरच्या बाईला कधी उत्तर दिलेले नाही, तो कायद्याच्या मसुद्यात तिला कुठे शोधणार?

म्हणून मृणालताईंचे स्मरण करताना मी आपल्याकडे तीन गोष्टी मागतो. स्थानिक संस्थांच्या निवडणुका मुदतीत व्हाव्यात हा प्रश्न पक्षांवर न सोडता नागरिकांनी आपला मानावा, आणि उशीर झाला तर विधानसभा रिकामी राहिल्यासारखा संताप व्यक्त करावा. आपल्या प्रभागाची समिती कधी भरते, तिथे काय ठरते, याची चौकशी करणारे चार लोक प्रत्येक गल्लीत असावेत. आणि निम्म्या राखीव जागांवर निवडून येणाऱ्या भगिनींना, मग त्या कोणत्याही पक्षाच्या असोत, प्रश्न विचारण्याचे बळ आपण वस्तीतून द्यावे. त्यांना घरातल्या पुरुषाची सही चालवणारी बाहुली करून ठेवण्याची जी चाल पडली आहे, ती मोडण्याची ताकद मतदारांकडेच आहे.

मृणालताईंकडे धनबळ नव्हते, घराण्याचा वारसा नव्हता, आणि बहुमत तर बहुतेक काळ नव्हतेच. त्यांच्याकडे वस्तीतली माहिती होती, नेमका प्रश्न होता आणि त्यांना ओळखणारी हजारो माणसे होती. या तीन गोष्टी आजही कोणत्याही वॉर्डात मिळतात, आणि त्यांच्या जोरावर आजही कायदे बदलता येतील. ते काम उचलणारी माणसे तयार करणे, हीच त्यांना वाहिलेली श्रद्धांजली असे मी मानतो.